बावीस मिनिटांच्या पुढे

ता. ७ मार्च, शुक्रवार
सकाळचं काम आटोपून

घुम्या, पोरा,

तुला पोटभर आशीर्वाद. माझं बरं चाललंय. तुझंही बरं चाललंय असं मी धरून चालते, कारण विचारलं तर तू "ठीक" एवढंच म्हणणार. रविवारी तुझा फोन येतो. "ठीक ना? औषध घेतेस ना? ठेवतो." झालं, दोन मिनिटं. त्यात मला जे सांगायचंय ते मावायचं नाही, म्हणून कागद घेतला. हसू नकोस. चार इयत्ता शिकलेली बाई लिहायला बसली की शुद्धलेखनाचे हाल व्हायचेच. पण तीस वर्षं बाइंडिंगच्या कारखान्यात लोकांची पुस्तकं जुळवली मी. बोटांना नुसती खळच चिकटली असेल असं नाही, एखादा शब्दही चिकटला असेल.

तुला एक गोष्ट सांगायची आहे. पण ती मागून. आधी भिंगरीचं.

तुझ्या लेकीला मी अजून भिंगरीच म्हणते, जरी ती आता भिंगरीसारखी अजिबात राहिलेली नाही. लहानपणी घरभर गरगरायची, आता सकाळी खिडकीजवळच्या टेबलाशी बसली की जेवायला हाक मारेपर्यंत हलत नाही. दीड वर्ष झालं तिला माझ्याकडे येऊन. तू तिच्याबद्दल विचारायचं सोडलंस. का सोडलंस ते मला माहीत आहे. ते असू दे. पण तू विचारत नाहीस म्हणून मी सांगायचं नाही असा काही नियम नाही.

ती करते काय, हे मलाच कळायला सहा महिने लागले. दुपारी चार तास कुठल्याशा कंपनीचं काम करते, ते पोटापुरतं. पण जीव सगळा सकाळच्या कामात. म्हणायची, "आजी, मी एक लायब्ररी सांभाळते." मला इतका आनंद झाला! म्हटलं आजीनं पुस्तकं बांधली, नात पुस्तकं सांभाळते, नाव राखलं पोरीनं. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना मी जिन्यातच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "मग मला एखादी जाडजूड कादंबरी आणायला सांगा हो, दुपार जाता जात नाही." पंधरा दिवस मागे लागल्या. शेवटी मी भिंगरीला विचारलं तर ती पोट धरून हसली. "अगं आजी, त्या लायब्ररीत पुस्तकं नसतात. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना लागणारे तयार तुकडे असतात. त्यांनी घ्यायचे आणि आपापल्या कामात बसवायचे."

"फुकट?"

"फुकट."

"आणि परत कधी आणून द्यायचे?"

"परत नाही द्यायचे गं."

मग ही कसली लायब्ररी! शिंपीणबाईंना मी अजून खरं सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं माझी नात चिकट आहे.

तर हिची लायब्ररी काय करते ते सांगते, मला आता पाठ झालंय. आपण इंटरनेटवरून फोन करतो तेव्हा आवाज सलग जात नाही म्हणे. त्याचे बारीक बारीक तुकडे होतात, एका सेकंदाचे पन्नास. एकेक तुकडा एकेका पाकिटात. ती त्याला पॅकेट म्हणते, मी पाकीट म्हणते, त्यावरून आमचं भांडण नाही. प्रत्येक पाकिटावर क्रमांक. आणि ही पाकिटं निघतात ती वेगवेगळ्या वाटांनी, त्यामुळे मागचं पुढे पोचतं, पुढचं मागे राहतं, एखादं वाटेतच गडप होतं. पलीकडे ती आली तशी उघडली तर "कशी आहेस" ऐवजी "हेस शीआ क" ऐकू यायचं. हिची लायब्ररी तिथे दारात बसते. पाकीट आलं की क्रमांक बघते, ओळीत लावते, मग आत सोडते. मधलं एखादं आलं नसेल तर पुढची हातात धरून क्षणभर थांबते. फार वेळ नाही थांबता येत, ऐकणारा ताटकळतो. तेवढ्यात आलं तर बरं, नाहीतर त्याला सोडून पुढे. आणि मग ते उशिरा उगवलंच, तर सरळ टाकून देते.

हे ऐकून मी म्हटलं, "अगं, हे तर फर्मे जुळवणं झालं!"

तू लहानपणी कारखान्यात यायचास तेव्हा बघितलंयस. छापलेल्या मोठ्या कागदाला घड्या घातल्या की सोळा पानांचा फर्मा व्हायचा, आणि असे वीस-पंचवीस फर्मे ओळीनं एकावर एक ठेवले की पुस्तक. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण. पहिल्याची अगदी वर, दुसऱ्याची जरा खाली, तिसऱ्याची त्याच्या खाली. गठ्ठा नीट जुळला की पाठीवर सरळ जिना दिसायचा. पायरी तुटली की समजायचं, फर्मा मागेपुढे झाला. वाचायला मला वेळ लागायचा, पण तुटलेली पायरी मी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओळखायचे.

भिंगरीनं खुर्ची माझ्याकडे वळवली. अर्धी नाही, पूर्ण वळवली. म्हणाली, "आजी, पुन्हा सांग." तीस वर्षांत त्या कारखान्यात मला कोणी पुन्हा सांग म्हटलं नव्हतं, रे.

आता खरी गंमत ऐक. तीन महिन्यांपूर्वी एका गाणं शिकवणाऱ्या बाईंनी तिला लिहिलं. त्या बाई लांब राहणाऱ्या मुलींना फोनवरून शिकवतात, त्यांच्या प्रोग्राममध्ये हिची लायब्ररी बसवलेली आहे. तक्रार अशी, की शिकवणी अर्ध्या तासाची, आणि शेवटा-शेवटाला मुलीचा आवाज बंद होतो. तुटत नाही, खरखरत नाही, बंदच. मग आणखी दोघा-तिघांनी तेच लिहिलं. एकानं तर लिहिलं, जमत नसेल तर हे काम सोडून का देत नाहीस. मी असते तर त्याचा उद्धारच केला असता. हिनं उत्तर काय दिलं? "तुम्हाला त्रास झाला, वाईट वाटलं. आवाज किती वेळानं बंद होतो ते कळवाल का?" त्या मेल्यानं कळवलं नाही.

तीन महिने पोरगी त्या चुकीच्या मागे. पाकिटं मुद्दाम उलटीसुलटी करायची, मधली हरवायची, एकच दोनदा पाठवायची, लायब्ररीला नाही नाही तसं छळायची. लायब्ररी आपली सगळं निमूट लावून द्यायची. चूक काही दिसेना. पोरीचं तोंड एवढंसं झालं. एकदा म्हणाली, "बाबा म्हणत होते तेच खरं असेल, आजी. लिफ्टच्या कंपनीतली नोकरी धरून राहायला हवं होतं." मला ते ऐकवेना, मी उठून आत गेले.

आणि चूक सापडली कुणामुळे? तुझ्या मावशीच्या गुडघ्यामुळे!

माझ्या फोनवर आणि मावशीच्या फोनवर भिंगरीनं स्वतःचाच प्रोग्राम घालून दिलाय. परवा बुधवारी मी फोन आपटून तणतणत उठले. "तुझ्या लायब्ररीला माझ्या बहिणीचा उजवा गुडघा आवडत नाही वाटतं!"

"म्हणजे?"

मावशीचं बोलणं तुला माहीत आहे. क्रम ठरलेला. आधी नळाला पाणी आलं की नाही, मग शेजारीण, मग सून, मग डावा गुडघा सगळ्या इतिहासासकट, आणि मग उजवा. तर उजवा सुरू झाला रे झाला की आवाज बंद. दर वेळी. आणि मी पुन्हा फोन लावला की ती पुन्हा पाण्यापासून सुरू करते! गेल्या तीन महिन्यांत तिच्या उजव्या गुडघ्याचं काय झालं, मला पत्ता नाही.

"आजी! मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं फोनलासुद्धा कंटाळा येत असेल."

भिंगरी हसली नाही. उठून उभी राहिली. "उजवा गुडघा कितव्या मिनिटाला येतो?" घड्याळ लावून माझ्या शेजारी बसली आणि मला पुन्हा फोन लावायला लावला. पाणी, शेजारीण, सून, डावा. एकवीस मिनिटं आणि पन्नास सेकंद. बंद. पुन्हा लावला. पाणी, शेजारीण, सून, डावा. एकवीस पन्नास. बंद. मावशीला वाटलं आज बहिणीला कसलं प्रेम उतू चाललंय.

भिंगरीनं कागदावर गुणाकार मांडला आणि कपाळावर हात मारून घेतला. "माझे सगळे तपास पाच-पाच मिनिटांचे होते गं. आपल्या घरात बावीस मिनिटं बोलतं कोण?"

झालं होतं असं. पाकिटावर क्रमांकासाठी जागा अगदी थोडी असते. तिच्या प्रोग्राममध्ये तो शून्यापासून निघतो, पासष्ट हजार पाचशे पस्तीसपर्यंत जातो आणि पुन्हा शून्य. एवढी पाकिटं जायला एकवीस मिनिटं पन्नास सेकंद लागतात. मग शून्य क्रमांक बघून लायब्ररीला वाटायचं, शून्य तर केव्हाच होऊन गेलं, हे उशिरा आलेलं दिसतंय, टाका. मग एक आला, टाका. दोन आला, टाका. तोंडातून नुकतं निघालेलं ताजं बोलणं ती शिळं समजून फेकत बसायची. भिंगरी म्हणाली, "ओळीत लावायच्या जागी मी हे सांभाळलंय, आजी. उशीर ठरवायच्या जागीच विसरले. शाळकरी चूक."

मी म्हटलं, "शाळकरी कसली! मी केलीय की ही चूक."

तुला हे कधी सांगितलं नाही. कारखान्यातलं माझं पहिलंच वर्ष. शब्दकोश आला बांधायला, उशीएवढा जाड. फर्मे जुळवता जुळवता पाठीवरची खूण खाली खाली येत तळाला पोचली, आणि पुढच्या फर्म्याची खूण एकदम वर! मला वाटलं, हा सुरुवातीचा फर्मा चुकून इथे आलाय. काढून बाजूला ठेवला. असे आठ-दहा शब्दकोशांचे मधलेच फर्मे मी शहाणपणानं काढून ठेवले. मुकादमीण ओरडली ती अजून कानात आहे. "खूण वर गेली म्हणजे पुस्तक मागे नाही गेलं, बये! पाठ संपली म्हणून खूण वर गेली!"

भिंगरीनं ते वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग चूक दुरुस्त करताना प्रोग्राममधल्या त्या ओळीच्या डोक्यावर जसंच्या तसं लिहून ठेवलं. "बये"सकट! आता जगात कोणीही ती ओळ उघडली की तिथे आमची मुकादमीण कमरेवर हात ठेवून उभी.

घुम्या, तू साहेबांकडे शब्द टाकून हिला तुमच्या कंपनीत लावलंस, ती आठ महिन्यांत सोडून आली, तुझा शब्द खाली पडला, हे सगळं मला मान्य. तू रागात म्हणालास, "मग या घरातही राहू नकोस." तेही मी तिच्या तोंडून ऐकलं. पण तूच सांग, लिफ्ट बरोबर मजल्याला लागली, दार उघडलं, लोक उतरून आपापल्या वाटेनं गेले, तर त्यातल्या कुणाला लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची आठवण येते? तुझं उभं आयुष्य त्या कामात गेलं. हिचंही काम तसलंच आहे रे. नीट चाललं की कोणाला दिसत नाही. मला तिच्यात तूच दिसतोस, आणि तुला मात्र ती दिसेनाशी झाली. त्यात तुझा दोष

थांब, हाक मारतेय. दुरुस्ती झाली म्हणे, आता मावशीला फोन लावून खरंखोटं करायचंय. जाते. तुला सांगायचं होतं ते राहिलंच. येऊन लिहिते.


ता. ९ मार्च, रविवार
सकाळी दहा

परवा उठले ती आज बसतेय. वरचं वाक्य अर्धं राहिलंय ते तसंच ठेवते. त्यात तुझा दोष नाही, असं लिहायचं होतं.

आधी परवाचं. पाणी झालं, शेजारीण झाली, सून झाली, डावा झाला. एकविसावं मिनिट लागलं तशा आम्ही दोघी श्वास रोखून. मावशी म्हणाली, "आणि उजव्याचं तर विचारूच नकोस." मी ओरडले, "विचारते ना! सांग, सगळं सांग!" ती इतकी भांबावली की गप्पच झाली. भिंगरीला वाटलं गेला आवाज. फोनवर झडप घालून म्हणाली, "मावशीआजी, बोल ना गं, काहीतरी बोल!" पलीकडून बारीक आवाजात, "तुम्हा दोघींना बरं नाहीये का?" अरे, काय हसलो आम्ही! सत्तेचाळीस मिनिटं बोलणं झालं. उजवा गुडघा डाव्यापेक्षा बराच बरा आहे, तुला म्हणून सांगते.

फोन ठेवल्यावर भिंगरी खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि हात पसरून गरगर फिरली. कितीतरी वर्षांनी. मग बसून गाण्याच्या बाईंना लिहिलं, बाकीच्यांना लिहिलं, आणि त्या उद्धट माणसालाही तितकंच गोड लिहिलं. तासाभरात बाईंचं उत्तर आलं, "आज शिकवणी पूर्ण झाली. मुलीची शेवटची ओळ ऐकू आली." ते तिनं मला वाचून दाखवलं, मग मी माझं मी वाचलं.

दुपारी आम्ही चहा घेत बसलो. ती हसत म्हणाली, "सगळं जग बाबांसारखं असतं ना, तर ही चूक जन्मात सापडली नसती. दोन मिनिटांत ठेवतो!" अगदी तुझ्यासारखं म्हणाली, मान खाली घालून. मग हसता हसता थांबली. "आजी, दीड वर्षात बाबांनी माझ्याबद्दल एकदाही काही बरं म्हटलं नाही ना गं?"

हे तिनं आधीही विचारलंय. विचारलं की मी गॅसवरचं दूध बघायला उठते. परवा गॅसवर दूध नव्हतं.

मी तिला उलट विचारलं, "ते उशिरा आलेलं पाकीट असतं ना, ते टाकूनच द्यायचं का गं?"

"बोलणं असेल तर टाकायचं. बोलणं पुढे गेलेलं असतं, मधेच मागचं घुसवलं तर गोंधळ होतो." मग जरा विचार करून म्हणाली, "पण लिहिलेलं काही असेल, एखादं पत्र, तर नाही टाकत. तिथे एक तुकडा आला नाही तर बाकीचे सगळे धरून ठेवायचे आणि त्या एकासाठी थांबायचं. पुन्हा पुन्हा मागायचं. कितीही उशीर होऊ दे. तो आल्याशिवाय पुढचं काही वाचताच येत नाही."

मग मी तिला सांगितलं. आता तुला सांगते. तुला अर्धं माहीत आहे, तिलाही अर्धं माहीत होतं, सगळं फक्त मला.

ती माझ्याकडे आली त्याच्या चौथ्या दिवशी दुपारी तुझा फोन आला. तू म्हणालास, "आई, तिला सांग, मी चुकलो. रागात बोललो. तिची खोली तशीच आहे, तिला वाटेल तेव्हा यावं." घुम्या, इतके शब्द एका दमात मी तुझ्या तोंडून तुझ्या लग्नातसुद्धा ऐकले नव्हते. मी म्हटलं, सांगते. भिंगरी खाली दूध आणायला गेली होती. मी फोन ठेवता ठेवताच वर आली. मी सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी तू विचारलंस, "सांगितलंस?" मी म्हटलं, "सांगितलं. ती काही बोलली नाही."

हे दुसरं पहिल्याहून वाईट. पहिल्याला राहून गेलं म्हणता आलं असतं. दुसरं मी जाणून केलं. तू म्हणालास, "ठीक." आणि त्या दिवसापासून तू तिचं नाव काढलं नाहीस. तुला वाटलं तू हात पुढे केलास आणि लेकीनं तोंड फिरवलं. तिला वाटलं बापानं हात पुढे केलाच नाही. आणि मी मधे बसून दोघांशी गोड बोलत होते.

का केलं? तुझे वडील गेल्यापासून अकरा वर्षं मी या दोन खोल्यांत भांड्यांशी बोलत होते. तू ये म्हणायचास, माझाच हट्ट, कारखान्याजवळची जागा सोडवत नव्हती. मग ही आली. चौथ्या दिवशी सकाळी तिनं खिडकीशी टेबल ओढलं आणि मला विचारलं, "आजी, मी इथे बसले तर तुझा उजेड अडेल का गं?" मला वाटलं, अडू दे. आयुष्यभर अडू दे. आणि दुपारी तुझा फोन. म्हटलं आजचा दिवस राहू दे, उद्या सांगेन. उद्याचं परवा झालं. मग इतका उशीर झाला, की सांगायचं तर उशीर का केला तेही सांगावं लागणार. तोंड उघडायचे आणि मिटायचे. वर परवा लिहिलंय ना, तिचं ऐकवेना म्हणून आत गेले? ती खचून म्हणत होती बाबांचंच खरं, आणि त्या बाबांनी चुकलो म्हटलेलं माझ्याजवळ पडून होतं. तेव्हासुद्धा दिलं नाही. सूनबाई गेल्यावर त्या घरात तुम्ही दोघंच उरला होतात. त्यातली एक मी ठेवून घेतली. दीड वर्ष तू एकटा जेवलास.

भिंगरीनं सगळं ऐकून एवढंच विचारलं, "कुठला दिवस?"

"चौथा."

"मी दूध घेऊन वर आले. तू फोन ठेवत होतीस. मी विचारलं कोण होतं. तू म्हणालीस शिंपीणबाई."

"म्हटलं असेन."

"शिंपीणबाई खाली माझ्याशीच बोलत होत्या, आजी."

म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं! आजी खोटं बोलली हे कळलं होतं, पण कशासाठी ते कळलं नाही. तिला वाटलं, बाबांचा फोन होता, बाबा काहीतरी फार वाईट बोलले, आणि मला लागेल म्हणून आजी लपवतेय. दीड वर्ष पोरगी माझ्या खोटेपणाला माया समजत राहिली, म्हणून तिनं तुला फोन केला नाही. मला कोणी चाबकानं मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

तिनं दोन्ही कप धुतले. मग पुन्हा धुतले.

काल दिवसभर टेबलाशी बसली, पण बोटं चालत नव्हती. दुपारी हे अर्धं पत्र आणून माझ्यापुढे ठेवलं. वाचलं नव्हतं तिनं, घडी तशीच होती. म्हणाली, "हे पुरं कर. सगळं लिही. मी सांगितलं तर बाबांना वाटेल मी माझी बाजू मांडतेय. तुझ्या हातचं पाहिजे."

"पोस्टात टाकशील?"

"नाही. मी घेऊन जाते. उद्या दोनची बस आहे."

मी विचारलं, "माझ्यावर रागावलीस?"

"हो. खूप."

"परत येशील?"

"ते आज नको विचारू, आजी."

आणि आज सकाळी बघते तर औषधांचा डबा आठवडाभराचा भरून ठेवलेला. प्रत्येक कप्प्यावर वार लिहून. रागावलेलं माणूस असलं काही करतं का? तूच सांग. अशी आहे ती. तिचं कौतुक मी शुक्रवारी इतकी पानं केलं, पण खरं कौतुक या डब्याचं आहे.

आता ती बाहेरच्या खोलीत बॅग भरून बसलीय. दोनदा विचारून गेली, झालं का म्हणून. होतंय म्हटलं. तिचं यंत्र बॅगेत गेलंय, टेबल रिकामं आहे, खिडकीतला उजेड सगळा माझ्या कागदावर पडलाय.

घुम्या, निरोप हा शब्द किती चमत्कारिक आहे बघ. सांगून पाठवलेल्या बोलण्यालाही निरोप म्हणतात आणि जाणाऱ्या माणसाला वाटेला लावण्यालाही निरोपच म्हणतात. तुझा निरोप मी तिला दिला नाही, कारण तिला निरोप द्यायची माझी तयारी नव्हती. आज दोन्ही देतेय.

माझ्यावरचा राग तू सावकाश काढ. एखाद्या रविवारी फोन केलास तर मी उचलेन, नाही केलास तर समजेन. पण तू त्या दिवशी जे बोललास ते मी तिला सांगितलंय, तरी त्याचा उपयोग नाही. माझ्या तोंडून तिनं ऐकलं आणि मान हलवली, बस. तिला ते तुझ्या आवाजात हवंय. चुकत-माकत सांग, दोन मिनिटांतच सांग, पण तू सांग.

तू हे वाचतोयस म्हणजे ती तुझ्यासमोर उभी आहे. पत्र हातात दिलं असेल आणि बॅग अजून खांद्यावरच असेल, कारण तू ठेव म्हटल्याशिवाय ती ठेवणार नाही. ती आपण होऊन काही बोलणार नाही, तुझीच लेक ती. आणि तू वाचण्याचं निमित्त करून मान वर करणार नाहीस, माझाच लेक तू. म्हणून मी इथेच थांबते, तुला वाचायला पुढे काही ठेवत नाही.

कागद खाली ठेव, पोरा. वर बघ.

तुम्हा दोघांची अपराधी,
तुझी आई